नातीच्या सहा खोडी

॥ श्री ॥

फरीज बिन ओमरान, दोहा
शुक्रवार, १८ फेब्रुवारी २०२२

ती. सरोजिनीताईस,
धाकट्या राजाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र मृणालने फोनवर मोठं करून दाखवलं. कानाचं यंत्र शिट्टी मारतं म्हणून तू ते डब्यात घालून ठेवलंस, हे वाचून आधी हसलो आणि मग वाईट वाटलं. पण फोनवर मी गुडघेदुखी विचारायची आणि तू दुधाचा भाव सांगायचा, त्यापेक्षा हे बरं आहे. मी लिहितो, मृणाल फोटो काढते, तिकडे तुझा अमेय छापून तुझ्या हातात देतो. तिकीट नाही, पोस्टमन नाही, पण अक्षर माझंच. आठवी पास माणसाचं आहे, तेव्हा वेलांट्या मोजू नकोस.

इकडे सगळं शहर नोव्हेंबरच्या फुटबॉलसाठी नटतंय. रोज कुठला तरी रस्ता बंद आणि रोज कुठला तरी नवा उघडलेला. आमच्या गोदामातून स्टेडियमच्या खुर्च्यांचे नटबोल्ट जातात. जगभरचे लोक ज्या खुर्च्यांवर उड्या मारणार त्यातली एक जरी हलली, तर तुझ्या भावाचं नाव निघेल. म्हणून मी प्रत्येक खोक्याला स्वतः हात लावतो. स्पर्धा झाली की मलाही रजा देणार आहेत. चौसष्ट म्हणजे पुष्कळ झालं.

आता खरी बातमी. आपली नात चैत्राली ड्राफ्टमध्ये नाव घालणार आहे. ड्राफ्ट म्हणजे काय, ते मला समजायला दोन दिवस लागले, तुला दोन ओळींत सांगतो. आपण सिन्नरला शाळेमागच्या मैदानात भिडू वाटून घ्यायचो ना, दोन कप्तान समोरासमोर, एक म्हणायचा मला हा, दुसरा म्हणायचा मला तो? अगदी तेच. आपल्याकडे बायकांची बास्केटबॉल लीग निघाली आहे, पगारी खेळाडूंची. सात शहरांचे सात संघ. दरवर्षी एका दिवशी सगळे एका दालनात बसतात आणि पाळीपाळीने एकेक मुलगी मागून घेतात. गेल्या वर्षी जो तळाला राहिला त्याची पहिली पाळी, जो जिंकला त्याची शेवटची. अशा चार फेऱ्या. लीगला पैसे देणारी कंपनी इथली, आणि यंदा साऱ्या जगाचं लक्ष दोह्याकडे, म्हणून हा कार्यक्रम २७ मे रोजी इथेच, द पर्लमधल्या एका हॉटेलात होणार आहे.

पण ज्या वर्षी पदवी मिळते त्याच वर्षी नाव घालता येतं. म्हणजे चैत्रालीला हीच एक संधी. आणि मृणालने तिच्याशी करार केला आहे, की कोणी घेतलं तर आनंदाने जा, नाही घेतलं तर एक जूनपासून माझ्या ऑफिसात खुर्ची तयार आहे, मग चेंडूचं नाव काढायचं नाही. पोरीने यस मम्मा म्हणून हात मिळवला. तिला खात्रीच आहे. तिच्या कोच सायरा मॅडम, आपल्या रत्नागिरीच्या, त्यांनाही खात्री आहे. त्या म्हणतात, असा हात आणि अशी नजर असलेली मुलगी या शहरात मी दुसरी पाहिली नाही. मी मात्र ऐकून घेतो आणि गप्प बसतो. उगाच कशाला तोंडाने बोलायचं?

अमेयला आशीर्वाद. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
राजा


नाशिक
२७ फेब्रुवारी २०२२

चि. राजास,
अनेक आशीर्वाद.

वेलांट्या मोजल्या नाहीत. अकरा चुकल्या आहेत.

भिडू वाटायचे म्हणतोस, तर हेही आठवत असेल की तुला कोणी मागायचं नाही. शेवटी उरलास की मीच म्हणायचे, जाऊ दे, आमचा राजा आमच्याकडे. लंगडी घालताना तू दोन पावलांत बसायचास. तुझ्या रक्तात ही पोर निपजली म्हणजे नवलच. उंची नक्कीच जावयाकडून आली. श्रेयसरावांना माझा नमस्कार सांग. गॅसच्या कारखान्यातून गुरुवारी घरी येतात की अजून आठ-आठ दिवस तिकडेच असतात?

मुलगी खेळते याचा मला फार आनंद आहे. मी खो-खोत तालुक्याला गेले होते, पण पुढे जिल्ह्याला जायचं तर वडिलांनी साडीचं कारण काढलं आणि विषय संपला. हिच्या बाबतीत कोणी कारण काढत नाही, हे बघायला मिळालं, पुरे झालं.

एक मात्र लक्षात ठेव. ही मंडळी घरी चौकशीला येतील. तू भोळा आहेस. कोणी कौतुक केलं की फुगून जाऊ नकोस. आपल्या मुलीचं आपण गुणगान करायचं नसतं, नजर लागते आणि हलकेपणाही दिसतो. नम्रपणे बोल. मृणालला सांग, पाहुण्यांना काहीतरी घरचं खायला घाल, बाहेरची बिस्किटं ठेवू नकोस.

खोकला कसा आहे ते लिहिलं नाहीस, म्हणजे आहे. काढा घे. जिव्हाळा असाच ठेव, रागावले तरी.

तुझी
ताई


फरीज बिन ओमरान, दोहा
२० मार्च २०२२

ती. ताईस,
राजाचा नमस्कार. वि. वि.

खोकला गेला. काढा घेतला नाही, तरी गेला.

तू म्हणालीस तसंच झालं. परवा एका संघाच्या बाई घरी येऊन गेल्या. हैदराबादच्या संघाच्या मुख्य मार्गदर्शक, मूळच्या लुधियानाच्या. सहा फूट उंच, केस बारीक कापलेले, आवाज असा की यंत्राशिवाय तुलाही ऐकू येईल. मुलीचा खेळ मैदानावर तीन दिवस बघून झाला होता, आता घरच्यांना भेटायचं होतं. त्यांचा संघ गेल्या वर्षी तळाला, म्हणजे पहिली पाळी त्यांचीच. सायरा मॅडमने आधीच कानात सांगितलं होतं, की यांच्या मनात चैत्राली भरली आहे, पहिल्या फेरीत उचलतील.

आमची लिफ्ट नेमकी बंद. बाई तीन मजले चढून आल्या आणि धापही लागली नाही. मृणालने कांदेपोहे केले, वर खोबरं-कोथिंबीर. चैत्राली पाण्याचा ट्रे घेऊन आली, तेव्हा मृणालला हसू आवरेना. नंतर म्हणाली, बाबा, हा तर बघण्याचा कार्यक्रमच झाला, फक्त मुलगा दिसत नव्हता.

पोहे खाऊन झाल्यावर चैत्राली सरावाला गेली आणि बाईंनी तिचं कौतुक सुरू केलं. काय उंची, काय हात, आंधळा पास देते तोही बरोबर पोचतो, दहा वर्षांत अशी मुलगी पाहिली नाही. मला तुझं वाक्य आठवलं. मी हात जोडून हिंदीत म्हटलं, अहो कसलं काय, आहे आपली साधी. सकाळी लवकर उठत नाही. डावा गुडघा मधूनमधून कुरकुरतो. घरात कुणाचं ऐकत नाही. कुठल्या गोष्टीत तिचं मन फार दिवस लागत नाही. भाज्यांना नाक मुरडते. आणि राग नाकाच्या शेंड्यावर. तुमच्यासारख्यांनी सांभाळून घ्यायचं, आणखी काय.

बाई फार सुसंस्कृत. मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. मांडीवर ती पाटीसारखी स्क्रीन ठेवून मी बोलेन ते सगळं टिपून घेत होत्या. गुडघ्याचं तर दोनदा विचारलं, डावा की उजवा. इतक्या आस्थेने आपलं कोण ऐकतं ताई? जाताना मी सूक वाकिफच्या बाजारातून आणलेला खजुराचा डबा दिला, तर घेताना म्हणाल्या, अंकलजी, तुमच्याइतका प्रामाणिक पालक मला आजवर भेटला नाही.

त्या गेल्यावर मी मृणालला म्हटलं, बघ, नम्रपणा असा कामाला येतो. ती स्वयंपाकघरात होती, मी काय बोललो ते तिने ऐकलंच नव्हतं.

दोन एप्रिलपासून रोजे सुरू होतील. मग सायरा मॅडम सराव संध्याकाळी उशिरा ठेवतील. आशीर्वाद असू देत, पोहे पावले असं धरून चालतो.

तुझा
राजा


नाशिक
२९ मार्च २०२२

चि. राजास,
आशीर्वाद.

शाबास. अगदी योग्य बोललास. भाज्यांचं सांगायला नको होतं, त्याने मृणालच्या हातचा स्वयंपाक वाईट दिसतो. बाकी सगळं उत्तम. असं बोललं की माणसं ओळखतात, घर संस्कारी आहे.

अमेय म्हणतो, हल्लीच्या जगात मामांनी असं सांगायला नको होतं. मी त्याला म्हटलं, तुला काय कळतंय, तुझ्या लग्नाच्या वेळी मी तुझ्या सात खोडी सांगितल्या होत्या, तरी मुलगी मिळाली.

पोरीला हळद घातलेलं दूध दे. आठवण ठेवतोस तशीच ठेव.

तुझी
ताई


फरीज बिन ओमरान, दोहा
शनिवार, १४ मे २०२२

ती. ताईस,
राजाचा नमस्कार.

वि. वि. लिहायला आज हात होत नाही, कारण विशेष आहे ते सगळं वाईट आहे आणि ते मी केलं आहे.

काल सायरा मॅडम मैदानावर मला बाजूला घेऊन गेल्या. तुला माहीत आहे, शुक्रवारच्या सामन्यांना गुणतक्ता मीच लिहितो, सात वर्षं झाली. त्या टेबलापाशीच त्यांनी विचारलं, काका, हैदराबादच्या बाई घरी आल्या होत्या तेव्हा कोण काय बोललं? त्यांना कुठून तरी कळलं होतं की हैदराबादने चैत्रालीचं नाव यादीत वरून थेट खाली टाकलंय. कागदावर लिहिलंय, गुडघा दुखरा, आळशी, शिस्त नाही, चिकाटी नाही, खाण्याची हेळसांड, तापट. डॉक्टरांच्या तपासणीत गुडघा ठणठणीत निघाला आहे, पण बाई म्हणतात, घरच्या माणसानेच सांगितलं म्हणजे काहीतरी असणारच, स्वतःच्या नातीला खाली कोण ओढेल? आणि हैदराबादने सोडलं हे कळल्यावर बाकीचे संघही बिचकले. सायरा मॅडमला वाटत होतं, कोणी जळणाऱ्याने चुगली केली.

ताई, मी सांगितलं, चुगलखोर मीच. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. मग म्हणाल्या, काका, आमच्या अम्मीनेही माझ्याबद्दल असंच सांगितलं असतं, पण त्या बाईला ते कसं कळणार, तिच्याकडे पोराचं कौतुक ढोल वाजवून करतात.

मी म्हटलं, आत्ता फोन करतो, पाय धरतो. तर नियम असा की ड्राफ्टच्या आधी तीन आठवडे घरच्यांनी कुठल्याही संघाशी बोलायचं नाही, बोललं तर मुलीचंच नाव कटतं. म्हणजे खलास. सात वर्षांचे गुणतक्ते माझ्याकडे जपलेले आहेत, ते पाठवू का, असं लीगच्या कचेरीत सायरा मॅडमकडून विचारून घेतलं. उत्तर आलं, घरच्यांनी लिहिलेलं चालत नाही.

चैत्रालीला यातलं काही माहीत नाही. ती शीळ घालत सरावाला जाते. कोणी घेतलं नाही तर एक जूनला ती मृणालच्या ऑफिसात बसेल, वाईट काही नाही, एसी आहे, पगार आहे. पण मी तिच्याकडे बघू कसा? मृणाललाही अजून सांगितलेलं नाही. ताई, तुझ्याशिवाय कोणाला विचारू? काय करू ते लिही.

राजा


नाशिक
१६ मे २०२२

चि. राजा,

पत्र वाचून मी यंत्र कानात घातलं आणि अमेयला म्हटलं, तू बरोबर होतास, हवं तर मोठ्याने सांग. त्याने सांगितलं नाही. पोरगा चांगला आहे. बघ, लिहिलं मी, नजर लागायची तर लागू दे.

अर्धी चूक माझी. मी तुला तसं शिकवून पाठवलं. आपल्याला तेच शिकवलं होतं. वडिलांनी मला जिल्ह्याला पाठवलं नाही तेव्हा शाळेच्या बाई घरी आल्या होत्या, आठवतं? वडील त्यांना म्हणाले, अहो हिला काय येतंय, पळते आपली. मी दाराआड होते. मला माहीत होतं की त्यांना माझा अभिमान आहे, ते नम्रपणे बोलताहेत. पण बाई चहा पिऊन निघून गेल्या त्या गेल्याच. मी आजवर साडीचं कारण सांगत आले. साडीचं नव्हतं रे. ते बोलले असते, ही चांगली खेळते, तर बाईंनी साडीतूनही वाट काढली असती.

तेव्हा रडत बसू नकोस. पहिलं काम, पोरीला सांग. तिच्या पायाखाली काय आहे ते तिला माहीत पाहिजे, मग ती तिची उभी राहील. तिला तुझ्याकडूनच कळलं पाहिजे, दुसऱ्या कुणाकडून कळलं तर ते फार वाईट. मृणाललाही सांग. त्या दिवशी दालनात जा, इस्त्रीचा शर्ट घाल, ताठ बस. आणि तिथे कोणी विचारलंच, तर जे खरं आहे तेच बोल. बोलता येतं तुला.

हातपाय गाळणारा भाऊ मला नको. लोभ आहे, त्यात आज थोडं तिखट आहे.

ताई


दोहा
२८ मे २०२२

प्रिय सरोजिनी आजी,
चैत्रालीचा नमस्कार.

आजोबा म्हणाले, हे पत्र तू लिही. मी इतकं मोठं मराठी कधीच लिहिलं नाही. शाळेत सगळं इंग्लिश होतं आणि घरी मी ऐकते मराठी आणि बोलते इंग्लिश. हे सकाळपासून लिहितेय, तीन कागद फाडले. चुका दिसल्या तर त्या माझ्या आहेत, मी आजोबांना दुरुस्त करू दिल्या नाहीत.

पहिल्यांदा मागचं सांगते. तुझं पत्र आल्यावर आजोबांनी मला गाडीत बसवलं, एसी लावला आणि सगळं सांगितलं. सहाच्या सहा. मी खूप चिडले. दोन दिवस त्यांच्याशी फक्त येस आणि नो. मम्मा तर त्यांच्या ताटात पोळी वाढायची आणि बोलायची नाही. तिसऱ्या दिवशी मी विचार केला की मला आजवर त्यांनी कधी गुड म्हटलं आहे का. नाही. मी तीस पॉइंट केले त्या दिवशी म्हणाले होते, बुटाची नाडी सुटली होती. पण ते एकही मॅच चुकले नाहीत. ताप असताना पण आले होते आणि टेबलावर बसून लिहिलं. मग माझा राग गेला. मी त्यांना म्हटलं, आजोबा, मला ऑफिसात नाही बसायचं, मी खेळणार आहे, तुम्ही फक्त शुक्रवारी तयार राहा.

काल हॉल फुल होता. सात टेबलं, प्रत्येकावर संघाचा छोटा झेंडा. मी मम्मा आणि आजोबांच्या मध्ये बसले होते, मागे पप्पा आणि सायरा मॅडम. पहिलं नाव हैदराबादने घेतलं, केरळची मुलगी. मला टाळ्या वाजवायच्या होत्या आणि मी वाजवल्या, ती खरंच छान खेळते. पहिली फेरी संपली. दुसरी संपली. चौदा मुली गेल्या. आजी, मला भीती वाटली नाही असं लिहिणार होते, पण तू खोटं ओळखशील असं आजोबा म्हणाले. माझी बोटं गार झाली होती. पण पाठ सरळ होती.

तिसऱ्या फेरीत सहा नावं झाली आणि असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या, नमाजासाठी पंधरा मिनिटं थांबले. फेरीत फक्त नागपूरची पाळी उरली होती, कारण गेल्या वर्षी ते जिंकले होते. त्यानंतर चौथी फेरी, म्हणजे परत पहिलं हैदराबाद. ब्रेकमध्ये लुधियानाच्या मॅडम सरळ आमच्याकडे आल्या. हॉलमध्ये संघांनी विचारलं तर बोलायला परवानगी होती. त्यांनी मला इंग्लिशमध्ये विचारलं, गुडघा कसा आहे. मी म्हटलं, आत्ता या खुर्चीवरून उडी मारून दाखवू का. त्या म्हणाल्या, मग तुझे आजोबा तसं का बोलले. मी सांगितलं की मॅडम, आमच्या घरात पाहुण्यांनी कौतुक केलं की घरच्यांनी ते खाली आणायचं असतं, आजोबांनी सहा गोष्टी सांगितल्या म्हणजे त्यांना मी खूपच आवडते.

मॅडम हसल्या नाहीत. त्या आजोबांकडे वळल्या आणि म्हणाल्या, अंकलजी, माझ्याकडे एक पाळी आहे, पाहुणी समजू नका, जे खरं ते सांगा.

आजोबा उभे राहिले. शर्ट कडक इस्त्रीचा. हिंदीत सुरू केलं, बच्ची ठीक है. मग थांबले. मला वाटलं, झालं. आणि मग आजी, ते एकदम मराठीत बोलायला लागले. मोठ्याने. लोक हातात प्लेट घेऊन वळून बघायला लागले.

ते म्हणाले की मी हिच्या सहा खोडी सांगितल्या, आता एकेक परत घेतो. सकाळी उठत नाही म्हटलं, पण रात्री शेवटच्या बसपर्यंत कोर्टवर एकटी थांबून शंभर फ्री थ्रो टाकते ते सांगितलं नाही. गुडघा कुरकुरतो म्हटलं, तो बाराव्या वर्षी, जेव्हा एका वर्षात चार इंच वाढली होती, त्यानंतर एकदाही नाही. ऐकत नाही म्हटलं, हो, मी सांगितलं होतं की बास्केटबॉल सोड आणि अभ्यास कर, तेव्हा ऐकलं नाही आणि दोन्ही करून दाखवलं. मन लागत नाही म्हटलं, सात वर्षांत सामना चुकवला फक्त एक, तोही हिची आजी, माझी बायको, गेली त्या दिवशी. भाज्यांचं खरं आहे, ते राहू द्या. आणि रागाचं, तर हिचा राग मी एकदाच पाहिला, समोरच्या मुलीला आमच्याच खेळाडूने मुद्दाम पाडलं तेव्हा, आणि ती आमच्याच खेळाडूवर चिडली होती. मग ते म्हणाले, ही माझी नात आहे आणि मी आजवर पाहिलेल्या मुलींत ही सगळ्यात चांगली खेळते.

मी त्यांच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं. मला समोरचं काही दिसत नव्हतं.

मॅडमना एक शब्द कळला नव्हता. त्या मम्माला म्हणाल्या, ट्रान्सलेट, प्लीज. मम्मा रडत होती, त्यामुळे ती हळूहळू सांगायला लागली. ती गुडघ्यापर्यंत आली होती आणि तेवढ्यात बेल वाजली. पाळी नागपूरची. त्यांच्या मॅनेजर गार्गीताई शेजारच्याच टेबलावर चहा पीत बसल्या होत्या. त्यांना सगळं कळलं होतं, एकूण एक शब्द. त्यांनी कप ठेवला, माइकपाशी गेल्या आणि माझं नाव घेतलं.

सायरा मॅडम खुर्चीवर चढून यल्ला यल्ला, म्हणजे चला चला, असं ओरडल्या. पप्पा व्हिडिओ काढत होते, पण त्यात फक्त कार्पेट आलंय. लुधियानाच्या मॅडमनी दोन्ही हात वर केले आणि आजोबांना म्हणाल्या, अंकलजी, तुम्ही माझी खेळाडू दोनदा घालवलीत, एकदा वाईट बोलून आणि एकदा चांगलं बोलून. मग त्यांनी आजोबांना मिठी मारली. त्या त्यांच्यापेक्षा खूप उंच आहेत, ते दिसेनासेच झाले.

गार्गीताई नंतर मला म्हणाल्या की नागपूरला कोणी इंग्लिश ऐकून घेणार नाही, आत्तापासून सुरू कर. म्हणून आधी तुला लिहिलं. जुलैमध्ये जाताना दोन दिवस तुझ्याकडे थांबणार आहे. मला तुझं खो-खो बघायचं आहे. बसून दाखव, पळू नकोस.

तुझ्यावर प्रेम आहे, तू पण कर.

चैत्राली


फरीज बिन ओमरान, दोहा
गुरुवार, १४ जुलै २०२२

चि. सौभाग्यकांक्षिणी वगैरे काही लिहीत नाही. नुसतं चि. चैत्रालीस,
आजोबांचे भरभरून आशीर्वाद.

उद्या तू निघशील. तुझी बॅग अजून उघडी पडली आहे आणि तू मैदानावर लहान मुलींना निरोप द्यायला गेली आहेस. तेवढ्यात हे लिहितो. विमानात वाच. तुला माझं अक्षर लागतं, हे गेल्या महिन्यात मला कळलं.

त्या दिवशी दालनात मी बोललो ते घाईचं होतं, सहा मुद्द्यांपुरतं. बरंच राहून गेलं. ते आता सांगतो.

तू चौदा वर्षांची असताना पहिल्या शुक्रवारी पन्नास वेळा चेंडू टाकलास आणि दोनदा आत गेला. मी ते लिहून ठेवलं आणि मनात म्हटलं, ही टिकणार. कारण अठ्ठेचाळीस वेळा चुकूनही तू चेंडू आणायला धावतच जात होतीस, चालत नाही. नवी मुलगी आली की तिला पहिला पास तू देतेस, सगळ्यांना दिसावं म्हणून नाही, ती रडू नये म्हणून. हरल्यावर टेबलापाशी येऊन गुणतक्त्यावर आधी सही करतेस आणि मग पाणी पितेस. मी सात वर्षं त्या टेबलावर बसलो, तो खेळ शिकायला नव्हे. खेळ मला अजून अर्धाच कळतो. मी तुला बघायला बसायचो. तुझा खेळ बघताना मला वाटायचं की मी गोदामात चाळीस वर्षं खोकी उचलली ती याच माणसासाठी.

हे सगळं मी तुला वेळच्या वेळी सांगायला हवं होतं. मला वाटायचं, सांगितलं तर तुझ्यावरची माया उघड्यावर येईल आणि तिला काहीतरी होईल. काही होत नाही, हे त्या दिवशी कळलं. उलट पोरगी ताठ उभी राहते.

नोव्हेंबरात इथे जग जमेल. मी माझ्या नटबोल्टांच्या खुर्चीवर बसेन आणि फुटबॉल बघेन, पण तू त्याच आठवड्यात नागपूरकडून खेळत असशील, तेव्हा फोन हातात असेल आणि लक्ष तुझ्याकडे. शेजारी बसलेल्या माणसाला, तो कुठल्याही देशाचा असो, मी सांगणार आहे की ही माझी नात.

नाशिकला ताईकडे उतरशील तेव्हा तिच्या पाया पड आणि तिला म्हण, आजी, तू चांगली खेळायचीस. कान लावायला सांग आणि मोठ्याने म्हण. तिला ते कोणी म्हटलेलं नाही.

हे पत्र तिकडे कुणालाही वाचून दाखव. यातला एक शब्दही मी मागे घेणार नाही.

तुझ्यावर फार जीव असलेला
आजोबा